प्रसादाला आलेला शेजारी

बाबा, तो गेला. आपल्या जुन्या गल्लीच्या टोकाला राहायचा तो पांढऱ्या केसांचा आयरिश माणूस, ज्याचं नाव कुणी मोठ्याने घेत नसे. बंदर, बार, ट्रकवाल्यांची युनियन, सगळं वर्षानुवर्षं त्याच्या मुठीत होतं, किती खून पाडले त्याचा हिशेब नाही, असं गेल्या महिन्यात टीव्हीवर सांगत होते. मेला मात्र स्वतःच्या पलंगावर. आई आता माझ्याकडे, वेस्ट विंडसरला असते. सोफ्यावर मेथी निवडत बसली होती. फोटो बघून म्हणाली, "अगं, हा तर आपला हात धुणारा! काय वळण होतं त्याला." मी टीव्ही बंद केला.

तुम्हाला तो आवडायचा, बाबा, उगाच नाही म्हणू नका. बर्फ पडला की त्याची माणसं न सांगता आपला ड्राइव्हवे साफ करून जायची. थँक्सगिव्हिंगला तो गल्लीत घरोघरी टर्की पाठवायचा. आपण शाकाहारी आहोत हे कळल्यावर पुढच्या वर्षी आपल्याकडे सफरचंदांची पेटी आली. "एवढा मोठा माणूस, पण लक्षात ठेवलं बघ," म्हणून तुम्ही भारावून गेलात. लोकांचं लक्षात ठेवणं हाच त्याचा धंदा होता, हे आपल्याला कुठलं कळायला? केमिस्ट्रीत पीएचडी, पण माणसं ओळखण्यात तुम्ही अगदी ढ होतात. म्हणूनच सत्यनारायणाचं आमंत्रण द्यायला स्वतः त्याच्या दारी गेलात.

त्या संध्याकाळी कथा संपते, तरी त्याचा पत्ता नाही. आरती सुरू होते, तुम्ही डोळे मिटून घंटा वाजवताय, आणि तो मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात येतो. मी तिथे द्रोण मांडतेय. कडाक्याची थंडी, पण अंगात कोट नाही. "मॅम, हात धुऊ का?" असं आईला विचारतो आणि बाह्या कोपरापर्यंत सारून सिंकपाशी उभा राहतो. साबण लावतो, पुन्हा लावतो, नखं घासतो. आई कपाटातला नवाकोरा सोलापुरी टॉवेल काढून देते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "बघ, आपल्या लोकांना ओरडून सांगावं लागतं, प्रसादाआधी हात धुवा म्हणून. ह्याला न सांगता कळलं." मग तो दोन्ही हात पुढे करून शिरा घेतो, चवीने खातो, आणखी मागून घेतो. आई धन्य झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला आदल्या संध्याकाळी त्याच्याच गॅरेजात कुणीतरी गोळी घातली. तुम्ही पेपर बराच वेळ हातात धरून बसलात. मग उठून सिंकजवळचा तो टॉवेल उचललात, गाडी काढलीत आणि परत आलात ते रिकाम्या हातांनी. आई पुढे कितीतरी दिवस तो टॉवेल शोधत होती.

त्याच दुपारी तो आपल्या पोर्चवर आला. मी खिडकीपाशी अभ्यास करत होते. "प्रोफेसर, तुमची प्रार्थना छान झाली. मी अगदी सुरुवातीपासून होतो." तो तितक्याच प्रेमाने म्हणाला, "तुमची मुलगी शाळेतून एकटीच चालत येते ना? चांगली मुलगी आहे. काळजी करू नका, आमचं लक्ष असतं." मग तुमचा आवाज ऐकू आला, वर्गात पोरं ज्याला घाबरत त्या आवाजासारखा मुळीच नाही. "हो. सुरुवातीपासून होतात तुम्ही." पोलीस आले तेव्हा त्यांनाही तुम्ही हेच सांगितलंत. आई आत त्यांच्यासाठी चहा करत होती.

त्यानंतर आपल्याकडे सत्यनारायण झाला नाही. "एवढ्या लांबून गुरुजींना कशाला त्रास," म्हणायचात. सफरचंदं मात्र दरवर्षी आली. माझ्या मागून एक गाडी कधीकधी हळूहळू यायची, घरापर्यंत. खिडकीत तुम्ही उभे. मी आत आले की पडदा सोडायचात आणि विचारायचात, "आज काय शिकवलं?" मला तुमचा फार राग यायचा, बाबा, आणि तुमची फार दयाही यायची. त्याच दोन्ही गोष्टी पोटात घेऊन मी तुम्हाला अग्नी दिला.

काल त्या गॅरेजवाल्याच्या मुलीचा फोन आला. तेव्हा ती बालवाडीत होती. तो आयरिश माणूस मेल्यावर तिला पोलिसांकडचे जुने जबाब बघायला मिळाले, त्यात तुमचा. आवाज चढवला नाही तिने. "तुमच्या वडिलांमुळे तो सुटला. मला फक्त खरं काय ते हवंय. तो नक्की कधी आला होता तुमच्याकडे?" मी तिला शनिवारी घरी बोलावलंय. आईला मंडळाच्या कार्यक्रमाला पाठवीन. तिच्या डोळ्यांसमोर तो हात धुणारा तसाच राहू दे. त्या मुलीला मी सगळं सांगणार आहे, सिंक, साबण, टॉवेल, आणि तुम्ही खोटं बोललात हेही. तुमचं नाव खराब होईल. होऊ दे.

एक मात्र तिला सांगता येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. त्या दिवशी खिडकीपाशी तुमचं ते खोटं ऐकलं, आणि मला हायसं वाटलं होतं. आजही वाटतं.