भाऊजींचं सैल जॅकेट

अहो,

नमस्कार. आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे आधी वाचा आणि बाकीचं बसून वाचा.

तुमच्या धाकट्या भावाने आज माझं डोकं फिरवलं. राफ्टमध्ये बसताना मी स्वतः भाऊजींच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले होते. फोटो काढायच्या वेळी त्यांनी ते गुपचूप सोडले. का, तर "वहिनी, पट्टे आवळले की पोट पुढे येतं!" पहिल्याच उसळीला स्वारी पाण्यात. जॅकेट अंगातून निसटलं आणि रिकामंच पुढे वाहत गेलं. मी वल्हं पुढे केलं, ते त्यांच्या हाती लागलं, म्हणून वर ओढता आलं.

वर येऊन हसत म्हणतात, "दादाला सांगू नका हं." म्हणून तर लिहिते आहे!

उद्या संथ पाण्यात ट्यूबवर बसायचं आहे. पट्टे मीच बांधणार आणि वर गाठी मारणार. मग जेवायलाही जॅकेट घालून बसू देत.

तुमची रक्तदाबाची गोळी चुकत नाही ना?

मी भाऊजींशी बोलत नाही. ते समोर उन्हात बसले आहेत. दर दोन ओळींनी मान वर करून बघते, आहेत ना.

तुमची,
अजून रागातच