दुधाबरोबर दिलेली गोळी

अण्णा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. आज आठवण आली म्हणून लिहायला बसले असं म्हणणार नाही, आठवण येते-जाते. लिहिते आहे ती माझ्या उजव्या अंगठ्यामुळे. गेल्या दिवाळीपासून तो तर्जनीवर घासत राहतो, कणकेची बारीक गोळी वळत असल्यासारखा, आणि मी कितीही डोळे वटारले तरी थांबत नाही. आयुष्यभर चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प केला, हा एक काही ऐकत नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा ते मला नवीन नव्हतंच. तुमचाच पार्किन्सन्स. तुमची नात आता सिरुसेरीला एका कंपनीत आहे. तिने हे नाव ऐकलं आणि त्याच आठवड्यात घरात डबे यायला लागले. प्रोटीनची पावडर, लोहाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या पिवळ्या कॅप्सूल, आणखी कसलंसं चूर्ण. सकाळी कंपनीची बस गाठायच्या आधी ती ग्लास घेऊन माझ्यापुढे उभी राहते. "आई, फुल्ला कुडी, प्लीज. रोम्ब नल्लदु." सगळं पिऊन टाक, फार चांगलं असतं, एवढंच तिचं म्हणणं. मराठी तिचं हे असंच, तुम्ही होतात तेव्हा जरा तरी बरं होतं. मी ग्लास हातात घेते आणि मला तुमचा चेहरा दिसतो.

तुमचे हात मात्र मला आजारातले नाही आठवत, कारखान्यातले आठवतात. रेल्वेच्या डब्यांवर नंबर आणि अक्षरं रंगवायचं तुमचं काम. मिरजेहून इतक्या लांब, तमिळ मुलखात आलात ते या हातांच्या जोरावर. मी आठ-नऊ वर्षांची असेन, कसल्याशा सुट्टीला तुम्ही मला कारखाना दाखवायला नेलं होतं. कोरा, नुकता रंग वाळलेला डबा उभा आहे, तुम्ही स्टुलावर चढला आहात, मनगटाखाली आडवी काठी धरली आहे, आणि ब्रश एकदा टेकला की अक्षराचं पोट पूर्ण होईपर्यंत उचलत नाही. शेजारचे तमिळ कामगार तुम्हाला अण्णा म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत थोरला भाऊ, आणि मीही अण्णा म्हणते म्हणून हसतात. घरी येऊन मी पाटीवर तुमची नक्कल केली. काढलेल्या अक्षराला आणखी गोंडस करायला पुन्हा पुन्हा गिरवत बसले, तेव्हा तुम्ही एकदाच चिडलात. "बास. आता हात मागे घे. जास्त चांगलं करायच्या नादात सगळं बिघडवून ठेवशील." मी रुसून जेवले नाही. तुम्ही समजूत काढायला आला नाहीत, शेवटी आईनेच ताट माझ्यापुढे आणून ठेवलं.

आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे विल्लिवाक्कमला राहायला आलात आणि दोन वर्षांनी तुमचा डावा हात हलायला लागला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पहिले दोन दिवस तुम्ही सकाळी उठून पाण्याबरोबर गोळी घेतलीत आणि दोन्ही दिवस मोरीत जाऊन ओकलात. मला काय ते लगेच कळलं. कळणारच, मला सगळंच लगेच कळायचं. आपल्या घरात आईचा दंडक होता, पोटात काही असल्याशिवाय औषध घ्यायचं नाही, आणि शक्यतो दुधाबरोबर. मी गोळीची वेळ बदलली. त्यात तुमचं वजन उतरत चाललेलं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "अप्पावुक्कु उडंबु वीक्का इरुक्कुम्मा, प्रोटीन कुडुंग." वडिलांच्या अंगात ताकद नाही, प्रोटीन द्या. त्याने डबा काढून दिला. मी कागदावर रकाने आखून वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर चिकटवलं. आठ वाजता दोन चमचे पावडर घातलेलं दूध, त्याच्याबरोबर गोळी. दुपारी डाळ, दही, पुन्हा गोळी. संध्याकाळी पुन्हा दूध, गोळी. तुम्ही ते वेळापत्रक चष्मा लावून वाचलंत आणि म्हणालात, "रकाने झकास आखलेस." तुमची एवढीच तक्रार. मी तर खूश झाले होते.

दवाखान्यात दर खेपेला डॉक्टर विचारायचे, गोळ्या वेळेवर देता ना? मी म्हणायचे, घड्याळ लावून देते. खोटं नव्हतं त्यात. दुधाचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, दूध ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे? फरक पडत नाही म्हणून ते गोळ्या वाढवत गेले आणि मी पावडर वाढवत गेले.

फक्त एकादशीला हे सगळं बंद असायचं. तुमचा उपास कडक. केळं, शहाळं, उकडलेलं रताळं, बास. दूधही नको, आणि त्या पावडरीत काय काय असतं कुणास ठाऊक, ती तर उपासाला चालणारच नाही, असं तुम्हीच म्हणालात आणि मलाही ते पटलं. औषधाला उपास नसतो म्हणून गोळ्या तेवढ्या नुसत्या पाण्याबरोबर द्यायचे. तोवर तुमची मळमळही थांबलेली होती. आणि एकादशीला, अण्णा, तुम्ही दहा वाजता सदऱ्याची बटणं स्वतः लावलेली असायची. रस्ता ओलांडून पिळ्ळैयारच्या, म्हणजे इथल्या गणपतीच्या, देवळापर्यंत जाऊन यायचात. एका एकादशीला तुम्ही स्वयंपाकघरात आलात, नातीचा रंगाचा डबा मागितलात आणि माझ्या डब्यांवर नावं घातलीत. तांदूळ, तूरडाळ, रवा. ओळ जराही हललेली नाही. मी पोळपाट-लाटणं सोडून बघत उभी राहिले. तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "एकादशीला हात माझे असतात गं." मी देवाला हात जोडले. मला वाटलं, आयुष्यभराच्या उपासाचं फळ, पांडुरंग निदान आपल्या दिवसापुरता तरी सांभाळतोय. पिळ्ळैयारला नारळही फोडून आले, मदत झाली असेल तर त्याचीही झाली असेल म्हणून.

मग द्वादशी. उपासाने खंगलेलं भरून काढायला मी त्या सकाळी दोनाऐवजी चार चमचे पावडर घालायची. आणि अकराच्या सुमारास तुम्ही न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडकून उभे. पाय उचलत नाही, हात दाराच्या चौकटीवर, मान खाली. मी खांदा धरून ओढते आहे, तुम्ही म्हणता आहात, थांब, थांब जरा. हे दर द्वादशीला व्हायला लागलं, तेव्हा मी शाळेतल्या बाईंना शोभेल असा निष्कर्ष काढला. उपास सोसत नाही. दुसऱ्या दिवशी अशक्तपणा येतो. तेव्हा उपास बंद.

तुम्ही कधी काही मागितलं नाहीत, पण त्या दिवशी मागितलंत. खुर्चीत बसला होतात, मी दुधाचा ग्लास घेऊन उभी. "अगं, एकादशी राहू दे. उलट उद्याही धरू या की. मला बरं वाटतं त्या दिवशी." मी म्हणाले, "तुम्हाला पावडर चुकवायची आहे, मला का कळत नाही? वजन बघा स्वतःचं." तुम्ही म्हणालात, "तसं नाही गं." मी म्हणाले, "चोचले पुरे, अण्णा. प्या." हे मी तुम्हाला म्हणाले. ज्यांनी मला कधी बोट लावलं नाही, त्यांच्या ओठांशी मी ग्लास टेकवला आणि संपेपर्यंत धरून ठेवला. तुम्ही प्यायलात. वरचा ओठ पांढरा झाला तो मी पदराने पुसला, फार मायेने पुसला. त्यानंतर पावणेदोन वर्षं तुम्हाला एकही एकादशी मिळाली नाही. शेवटचं वर्ष तर सगळं अंथरुणातच गेलं आणि वेळापत्रकातला एक रकाना मी चुकवला नाही.

परवा लेक मला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी, तमिळ, फार गोड बोलणारी. लेकीने मोबाइलमधली यादी वाचून दाखवली, आई काय काय घेते त्याची. ती ऐकता ऐकता डॉक्टरीण कागद पुढे ओढून चित्र काढायला लागली. ही गोळी आणि प्रोटीन, दोघांची आत जायची वाट एकच. दोघं एकदम गेले की गोळी मागे राहते. म्हणून गोळी आधी, नुसत्या पाण्याबरोबर, मग अर्ध्या-पाऊण तासाने खाणं. लोहाची गोळी हिच्या जवळपासही नको. पावडर हवीच असेल तर रात्रीच्या जेवणात, आणि चूर्ण मला विचारल्याशिवाय मुळीच नाही. लेकीचा चेहरा उतरला, बिचारी सगळं लिहून घेत होती. मी चित्राकडे बघत होते. पोटाची एक पिशवी, एक लहानसं दार, दारात गर्दी. मला उंबऱ्याशी अडकलेले तुम्ही दिसत होतात. मी विचारलं, एखाद्याने वर्षानुवर्षं दुधाबरोबरच घेतली तर? ती म्हणाली, माणसामाणसावर असतं, आणि आजार तर पुढे जातोच. मग तुमच्या त्या दिवसांतलं आजाराचं किती आणि माझं किती? ते आता तिलाही सांगता येणार नाही, मलाही नाही, आणि विचारायचं म्हटलं तर तुम्ही नाही. मला तिथे ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. रडले नाही, फी भरायच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

घरी येताना गाडीत लेक लिहून घेतलेलं पुन्हा वाचत होती. तिला तुम्ही आठवता, तुमच्या मांडीवर बसून तिने ते पिऊन झालेले ग्लास मोजले आहेत. मग तिने विचारलं, "आई, आजोबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं का?"

हे पत्र कुठे टाकायचं, कुणाला द्यायचं, काही नाही. घडी घालून कपाटात ठेवीन. पण तिला मी काय उत्तर दिलं ते तुम्हाला सांगायला हवं. मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेव्हा कुणाला माहीत होतं गं?" तिने माझा हलणारा हात आपल्या हातात घेतला आणि मी तो घेऊ दिला. तुम्हाला माहीत होतं, अण्णा. तुम्ही मला सांगितलंही होतं.