आठवड्याचा बाजार साडेचार रुपयांत

आलापल्ली, जिल्हा चांदा
सोमवार, ता. १६ मे १९५५

श्री. देवाजीभाऊ यांस वारलूचा रामराम.

इकडे सर्व ठीक आहे. तिकडे चिमुरास तुम्ही, नीलावहिनी आणि लेकरं ऊन सांभाळून असाल. तुमची शाळा बंद झाली असेल, म्हणजे पत्र वाचायला तुम्हाला सवड आहे असं धरून लांबलचक लिहितो.

तुमची बहीण मनकर्णा तुमच्याकडे येऊन आज तीन आठवडे झाले. वहिनींचे पापड आटोपले असतील. नसतील आटोपले तर माझी काही घाई नाही. इथं लोक विचारतात, त्यांना मी पापडांचंच सांगतो. एका घरात तीन आठवडे पापड कसे चालतात, असं अजून कोणी विचारलं नाही. विचारतील तेव्हा कुरड्या सांगीन.

दुकान बरं चाललं आहे. लाकडाच्या डेपोत पावसाआधीची घाई आहे, मजूर पुष्कळ, तेल-तंबाखू हातोहात जाते. पण पत्राचं खास कारण वेगळं. घरखर्चात मी जी सुधारणा केली ती तुमच्या कानावर घालावी म्हणतो. मनकर्णा इथं होती तेव्हा आमचा रविवारचा बाजार अकरा रुपयांवर जायचा. काल तोच बाजार मी साडेचार रुपयांत केला.

तुम्ही मास्तर, पडताळा मागाल, म्हणून रीतही लिहितो. सकाळी बाजारात जायचंच नाही. ऊन कलल्यावर जायचं. त्या वेळी भाजीवाल्या बायांना आपल्या गावची वाट धरायची असते. मी वांग्यांच्या ढिगाकडं एकदा बघतो आणि पुढं चालू लागतो. पाच पावलांच्या आत मागून हाक येते. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. हाकेवरूनच कळतं बाई किती आण्यांवर उतरेल. पान-सुपारी बंद केली, सांबार बंद केला (तुम्ही चिमूरवाले त्याला शाळेत कोथिंबीर म्हणता), गूळ महिन्यातून एकदा. वांगं एकदा रांधलं की दोन वेळा निघतं. तिसऱ्या वेळी जरा आंबूस लागतं, पण तिखट वाढवलं की कळत नाही.

आमच्या दुकानाला लागून नवाब शिंपी बसतो. तो म्हणाला, "सेठ, घरात खाणारं तोंड एक, त्यात ते तुमचं. साडेचार भी जादाच झाले." त्याला असं काहीतरी नेहमी सुचतं. हे तिला वाचून दाखवू नका.

दुपारी दुकान बंद करून घरी जातो तेव्हा कुलूप मलाच काढावं लागतं. ते किती करकरतं हे लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मी कधी ऐकलं नव्हतं. तेल घालीन.

तिला एवढंच विचारा की घरच्या तिखटाचा डबा कुठं ठेवला आहे. मी दुकानातलं वापरतो, पण तिनं कुटलेल्याचा वास निराळा. सापडत नाही. कळवावे. वहिनींना नमस्कार.

आपला,
वारलू


आलापल्ली
सोमवार, ता. २३ मे १९५५

देवाजीभाऊ, रामराम.

तुमचं कार्ड पावलं. दोन ओळींचं. डबा कुठं आहे ते त्यात नाही. "बहीण म्हणते, बाजारात काय झालं ते त्यांनी आधी लिहावं," एवढंच आहे. म्हणजे तिनं तुम्हाला काही सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं सगळं सांगून मोकळी झाली असेल, आणि मी इकडं पापडांच्या गोष्टी करून हसं करून घेत आहे.

फार काही झालं नव्हतं. बुधरी म्हणून एक गोंडीण आहे, जंगलातून चारोळी जमा करून बाजारात आणते. मनकर्णा दर रविवारी तिच्याकडून दोन शेर चारोळी घ्यायची, रुपया शेर, रोख. आमच्या घरी इतकी चारोळी खाणार कोण? रोज काय खीर होते? तीन रविवार मी समजावलं. चौथ्या रविवारी तिच्या पदरातली चारोळी बुधरीच्या टोपलीत परत ओतली आणि दोन रुपये परत घेतले. आठवड्याचा खर्च कमी करायचा तर कुठून तरी सुरुवात करावीच लागते. जवळपासच्या लोकांना मी इतकंच म्हणालो की आमच्या बाईचा हात फार सैल आहे. हसत म्हणालो. लोकही हसले.

काल बुधरी बाजारात होती. मला पाहून तिनं टोपली पळसाच्या पानांनी झाकली. मी तिच्यापुढून दोनदा गेलो. दोन्ही वेळा पानांवर हात ठेवून बसली. हे तुम्हाला लिहायचं कारण नव्हतं, लिहून गेलो.

खर्च या आठवड्याला चार रुपये दोन आणे.

वारलू


आलापल्ली
सोमवार, ता. ३० मे १९५५

मनकर्णेस,

देवाजीभाऊंचं कार्ड आलं. त्यात तुझा निरोप दोन शब्दांचा. "अर्धंच लिहिलं."

हे पत्र तुझं आहे. दुसऱ्या कोणी वाचून दाखवू नये म्हणून अक्षर मोठं काढतो. तू एकेक अक्षर जोडून वाचते, मला ठाऊक आहे, सावकाश वाच. कागद जास्त लागेल, लागू दे.

घरखर्चाचं मी खोटं बोललो. दोन रुपयांनी आपलं घर बुडत नव्हतं. आपल्या दुकानाच्या पायरीवर जंगलातल्या बाया शेरभर चारोळी ओततात आणि मी त्यांना शेरभर मीठ मापून देतो. मीठ मला दोन आण्याला पडतं. चारोळी मी नागपूरला पावणेदोन रुपयांनी घालतो. हे दुकान, हे घर, तुझ्या हातातल्या पाटल्या, सारं त्या मापातून निघालं. आणि त्याच पायरीपासून वीस हातांवर बसून तू बुधरीला रुपया शेर देत होती.

भाऊंना लिहिलं की तीन रविवार समजावलं, तेही खोटं; मी गप्प होतो, कारण कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या रविवारी तुझ्यामागं पाच-सहा बाया उभ्या होत्या. आपसात बोलत होत्या. मला त्यांची बोली समजते हे त्यांना माहीत नाही. सेठाची बायको रुपया देते, मग सेठ मीठच काऊन देते, असं एक दुसरीला विचारत होती. ते ऐकलं आणि मी गल्ल्यावरून उठलो. भर बाजारात तुझा पदर धरला.

बुधरीनं ते दोन रुपये मुठीत घट्ट धरले होते. मी तिची बोटं उघडून घेतले. हे तुझ्या भावाला लिहिलं नाही. तू काय म्हणाली तेही लिहिलं नाही.

"चारोळी नाई परत केली तुमी. मले परत केलं."

इतकं हळू म्हणाली की बुधरी आणि मी सोडून कोणाला ऐकू गेलं नाही. मी वर लोकांकडं तोंड करून तुझा हात सैल असल्याचं सांगत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मोटारीत बसली. मी दुकानातून बघत होतो. उठलो नाही. एक गिऱ्हाईक होतं, त्याला तंबाखू बांधून दिली.

त्याच्या आधी एकदा जेवताना तू म्हणाली होती, "थे मीठ किती खाईन? तिले लुगडं नाई लागत काय?" मी हसलो होतो. मग तू विचारलं की तुमच्या मायनं चारोळी काय भावानं देल्ली होती, आणि मी ताटावरून उठलो. आता सांगतो. दोन शेर चारोळीला एक शेर मीठ. तेही ओलं, वजनाला जड. माय बांधावरून आणि रानातून महिना महिना गोळा करायची, हाताला चीक लागून कातडं काळं पडायचं. सेठ मापावर अंगठा आत धरायचा. मी पुढं स्वतः दुकान मांडलं तेव्हा अंगठा बाहेर ठेवला आणि शेराला शेर दिलं. मला वाटायचं, या बाजारात माझ्याइतका दयाळू माणूस नाही. तू विचारलं तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली, आणि ती लाज मी तुझ्यावर काढली. बाकी माझ्याकडं दुसरं काही कारण नाही. महिनाभर शोधून पाहिलं.

काल बाजारात सकाळीच गेलो. बुधरीपुढं उकिडवा बसलो आणि म्हणालो, चारोळी दे, रुपया शेर, रोख. तिनं पानांवरचा हात काढला नाही.

"तुले नाई देत. बाईले देईन."

मी सव्वा रुपया म्हणालो. माझी सवय, दुसरं काय. तिनं पानं आणखी घट्ट दाबली. मग विचारलं, बाई कुठी गेली? म्हटलं, माहेरी. तूनं धाडली काय, म्हणाली. मी हो म्हणालो.

नवाबनं मशीन थांबवली होती. शेजारपाजारचे सारे बघत होते. मी उभा राहिलो आणि त्या रविवारी जितक्या मोठ्यानं बोललो होतो तितक्याच मोठ्यानं बोललो, की माझ्या बायकोनं दिलेला भाव बरोबर होता, तिला उधळी म्हणालो ते खोटं होतं, आणि आजपासून माझ्या दुकानात चारोळी रुपया शेरानं रोख घेतली जाईल, मीठ ज्याला लागेल त्यानं आपल्या पैशानं घ्यावं. या वेळी कोणी हसलं नाही. समोरच्या दुकानदारानं पचकन थुंकून आत तोंड केलं. आता महिनाभर तरी तो माझ्याशी बोलायचा नाही. नवाबनं विचारलं, "सेठ, ये भाव अगले इतवारपर्यंत टिकेल ना?" म्हटलं, टिकेल. संध्याकाळपर्यंत सात बाया पायरीवर येऊन चारोळी देऊन गेल्या. त्यातल्या एकीनं पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि तिथंच बसून राहिली. मला वाटलं कमी पडले. तिला फक्त अजून एकदा मोजायचे होते.

बुधरी मात्र टोपली तशीच डोक्यावर घेऊन परत गेली.

आणखी एक सांगतो, हे कोणाला सांगू नको. साडेचार रुपयांत बाजार होतो तो माझ्या हुशारीनं नाही. बाजारात उभा राहतो आणि कोणासाठी काय घ्यावं तेच सुचत नाही. हात रिकामा राहतो, म्हणून खर्च होत नाही. आपण बाजारातून निघालो की तू काकडी मोडून अर्धी मला द्यायची, घर येईपर्यंत मी ती खायचो आणि तू मला सारा वेळ काहीतरी सांगायची, जे मी ऐकत नव्हतो. इतके तिखट कान असून नव्हतो. काल एक काकडी घेतली. मोडली. दुसऱ्या अर्ध्याचं काय करावं कळेना, म्हणून घरी येईपर्यंत दोन्ही हातांत दोन तुकडे धरून चालत आलो. वाटेत लोक बघत होते.

ये असं मी लिहीत नाही. परत केलेल्या माणसाला ये म्हणायला तोंड कुठलं?

येत्या गुरुवारी पहाटेच्या मोटारीनं मी निघतो. चांद्याला मोटार बदलून चिमुराला पोचेपर्यंत दिवस कलेल. तुमच्या ओसरीवर येऊन बसेन. आत येणार नाही, तुला हाक मारणार नाही, भाऊंना मध्ये घालणार नाही. दारी आलेल्या माणसाला पाणी तर द्यावंच लागतं. ते वहिनींनी आणलं तर पिऊन उठेन, धर्मशाळेत पाठ टेकेन आणि सकाळच्या मोटारीनं परत फिरेन. रविवारी चारोळी रुपया शेरानंच घेईन. तुला बोलवायला मी भाव बदलला असं तुला वाटलं तर वाटू दे. काल सकाळी घरून निघताना तसंच होतं. ती बाई पैसे मोजत बसली तेव्हापासून तसं राहिलं नाही.

पण पाणी तू आणलं, तर काही बोलू नको. मीही लगेच बोलणार नाही. थोडा वेळ तांब्या हातात धरून बसू दे.

ओसरीवर बसलेला,
वारलू