कणकेत रुतलेली पलटण

रवि., १२ जाने.
मी सांगतेय, नात मनू लिहितेय. मला अक्षर येत नाही, तिला गप्प बसता येत नाही, जमतं आमचं. माझं बोलणं ती इस्त्री करून लिहिते. करू दे. तिचा बाप, म्हणजे माझा सुभाष, त्याचं नाव नुसतं 'सु.' लिहिते म्हणे. मी नऊ महिने अख्खा वागवला, हिच्या वहीत अर्धा.

आज रविवार, आणि हॉलमधलं मोठं टेबल रिकामं. तिसऱ्या मजल्यावरचे पाटकर दारात येऊन गेले. दर रविवारी या टेबलावर खेळण्यातले शिपाई मांडून सु.शी लढाई खेळणारे तेच. "आज नको," सु. म्हणाला. दिवाळीपासून हेच चाललंय. दिवाळीच्या आधी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हात थरथरतो. शिपाई बोटाएवढे. एक उचलायला गेला की चार आडवे. मग पाटकर खाली मान घालून ते उभे करत बसतात, सु. खिडकीबाहेर बघतो.
रबाळ्याच्या कारखान्यात बारीक कामाला हाच हात मागायचे. या शिपायांच्या मिशासुद्धा त्यानेच रंगवल्यात.

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. सुनेचे लाडू दगड झालेत, पण वाटायचे आहेत.
मनू ऑफिसातून येताना ट्रे घेऊन आली. पातळ लाकडी फळी, चहूबाजूंनी काठ. त्यात वीस शिपाई रांगेत उभे करायचे आणि अख्खी पलटण एकदम सरकवायची. एकेकाला हात लावायला नको. वळायचं झालं तर एक कोपरा धरून ट्रेच फिरवायचा.
मी म्हटलं, "म्हंजे शिपाई चालनार नाय, रिक्षानं जानार."
मनू हसली. सु. नाही. पण काठावरून बोट फिरवलं. कारखान्यात माल आला की असाच बघत असणार.

शुक्र., १७ जाने.
दुपारी मी सोफ्यावर पडले होते, डोळे मिटून. घरच्यांना वाटतं म्हातारी झोपली. वाटू दे.
सु.ने एकट्यानेच ट्रे सरकवून पाहिला. थोडा गेला, मग हाताला हिसका बसला. पुढची रांग मागच्या रांगेवर. उभे केले नाहीत. आत जाऊन टीव्ही लावला, आवाज बंद ठेवून.

शनि., १८ जाने.
आज माझं काम. आमच्या तळवली गावात देवीला दिव्यांचं ताट न्यायचं असे. दिवे सरकू नयेत म्हणून एकेका दिव्याखाली कणकेची गोळी दाबायचो. गर्दीतून, चढावरून नेलं तरी दिवा जागचा हलत नसे. शिपाई काय, दिव्यापेक्षा हलके.
चपात्यांची कणीक होतीच. सगळे बाहेर गेल्यावर वीसही शिपाई दाबून बसवले. ट्रे तिरका करून पाहिला. कुणी पडला नाही. कुणाला सांगितलं नाही.

रवि., १९ जाने.
पाटकरांना मीच खालून हाक मारून बोलावलं. सु.ला नाही म्हणता आलं नाही, ते चपला काढून आत.
सुरुवात झकास. सु. ट्रे ढकलतो, हात थरथरतो, ट्रेही थरथरतो, शिपाई ताठ. थर्माकोलच्या टेकडीला वळसा घालून गेला. पाटकर म्हणाले, "सुभाष, तुझी माणसं आज जेवून आलीत वाटतं." सु. हसला. दिवाळीनंतर पहिल्यांदा. मी मनात म्हटलं, माझी कणीक.
मग पाटकरांनी फासे टाकले आणि सु.चे तीन मेले. या खेळात मेलेला मागच्या रांगेतून उचलून बाजूला ठेवायचा असतो. मला काय ठाऊक! रात्रीत कणकेचा दगड झालेला. सु. ओढतोय, निघत नाही. पाटकर म्हणाले, "अरे, तुझे मेलेले पण जागा सोडेनात!" स्वतःच हसले, मग स्वतःच थांबले. सु.ने जोर लावला. शिपाई घोट्यात मोडला. बूट ट्रेवर, बाकीचा हातात.
"आये, तू केलंस ना?"
"मीच. यांना मरायचं बी असतं, ते मना कोन बोल्ला?"
सु. उठला. टेबल तसंच. पाटकर आपलं सैन्य डब्यात भरून गेले, चहा न घेता.

सोम., २० जाने.
मुंग्या आल्या. दोन्ही बाजूंचा पराभव.
ट्रेसकट शिपायांना परातीत कोमट पाण्यात बसवलं. रंग टिकला, कणीक सुटली. पण ट्रे फुगून केळीसारखा वाकला. मनू म्हणते, "आजी, पाटकरकाकांना बारा वर्षांत जमलं नाही ते तू एका कणकेत केलंस."
ही ओळ तिने आनंदाने लिहिली.
सु. माझ्याशी नीट बोलतो. नीट म्हणजे जेवण वाढ, बस एवढंच.

गुरु., २३ जाने.
सकाळी चहाला सु. आपणहून म्हणाला, "पत्रा पाहिजे. आनि चुंबक." मी कणकेचं नाव काढलं नाही. मला येतं तेही, कधीकधी.
संध्याकाळी मनूने पत्रा कापला. सु. बाजूला बसून सांगत होता, "अगं, कोथिंबीर चिरतेस काय! कात्री सरळ धर." नव्या ट्रेत पत्रा, एकेका शिपायाच्या पायाखाली नखाएवढं चुंबक. ढकलला तर धरून राहतो, उचलला तर सुटतो. मोडलेला शिपाई सु.ने स्वतः चिकटवला. तिरका लागला. मनू सरळ करायला गेली तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे." त्याला मागच्या रांगेत ठेवला.
मग मनू म्हणाली, "बाबा, मेलेले मी उचलीन." मी म्हटलं, "मी उचलते. या वयात ती ओळख वाढवलेली बरी."
पाटकरांना फोन मात्र सु.नेच केला.

रवि., २६ जाने.
मनू टेबलाशीच बसून लिहितेय. खाली सोसायटीचा झेंडा झाला, स्पीकर अजून चालू.
सु. डाव्या हाताने ट्रे ढकलतो, उजवा नुसता काठाला लावून ठेवतो. पाटकरांची चाल. मनू, अंतर मोजायची टेप पकड, मग लिही.
पलटण टेकडीजवळ पोचली. एकही आडवा नाही. पाटकर म्हणतात, "आता बघ हां." फासे टाकले.
सु.चा एक मेला. मागच्या रांगेतला, तोच तिरका. मी हात पुढे केला.
"थांब गो आये."
उजवाच हात काढला. सवय. शिपायाच्या डोक्यावर दोन बोटं थरथरतायत, अजून धरलं नाही. पाटकर टेकडीकडे बघतायत, जशी काय आजच पाहिली. मी माझा हात पदराखाली घेतला.
धरलं. चुंबक सोडत नाही. शेजारचा हलला, पडला नाही.
अजून उचलतोय. चहावर साय आलीय.