बोट ठेवलेली ओळ

मास्तर, आज सकाळी क्लासमध्ये एका मुलीने गाल फुगवून क्लॅरिनेट वाजवली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गाल आत घे, फुगा फुगवतीस व्हय?" मुंबईच्या मुली त्या, 'व्हय' ऐकून हसत सुटल्या. "मॅम, हे कुठल्या टीचरचं?" असं एकीने विचारलं आणि मी उगाचच पाण्याची बाटली शोधायला लागले. म्हणून आता लिहायला बसले आहे.

आमच्या शिरूरला जयंतीच्या मिरवणुकीत दौंडचा बँड यायचा, त्यात तुम्ही होता. पोलिसांच्या बँडमधून रिटायर झालेले, टोपी जरा तिरकी. मी तेव्हा आठवीत. त्या काळ्या लाकडी नळीतून येणारा आवाज ऐकत मी अख्खी मिरवणूक तुमच्या मागे मागे चालले. माझे वडील रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यांनी तुम्हाला गाठून विचारलं, पोरीला शिकवाल का? तुम्ही माझे दात बघितलेत, घोड्याचे बघावेत तसे, आणि म्हणालात, "दात चांगलं हायती. रविवारी आणा." पुढची सहा-सात वर्षं दर रविवारी शिरूरहून दौंडची एसटी. बाहेरच्या खोलीत तुमच्या पत्नीचं, चाचींचं, शिवणयंत्र चालायचं म्हणून शिकवणी स्वयंपाकघरात. ओट्यावर एका कपात चहा आणि दुसऱ्यात पाण्यात भिजत घातलेली रीड, क्लॅरिनेटच्या टोकाला लावायची ती वेताची पातळ पट्टी. एकदा मी चुकून रीड घातलेला कप तोंडाला लावला तेव्हा चाची केवढ्या हसल्या होत्या. तुम्ही हसला नाहीत. त्या दिवशी तुम्ही माझ्यावर चिडलेले होता, कारण मी आठवडाभर क्लॅरिनेटला हात लावला नव्हता आणि थापा मारत होते. "खोटं बोलायचं आसंल तर तोंडानं बोल," तुम्ही म्हणालात, "ह्याच्यातनं बोलू नको. ह्याच्यात खोटं लगीच ऐकू येतंय." आणि मग दोन तास एकच सूर. मी रडत रडत तो सूर लांबवते आहे, खिडकीबाहेरून मालगाडी जाते आहे, आणि तुम्ही पोळीचा तुकडा चहात बुडवत डोळे मिटून ऐकता आहात.

मी मुंबईला निघाले तेव्हा तुम्ही तुमच्या क्लॅरिनेटचं माउथपीस, पुढच्या दातांखाली धरायचं ते टोक, माझ्या हातावर ठेवलंत. "म्हाजं पुढचं दात हलाया लागल्यात. आता मला ते काय कामाचं?" वाजवणाऱ्याचे पुढचे दात जाणं म्हणजे काय, हे आज मला कळतं. तेव्हा मी नुसती पाया पडले आणि स्टेशनकडे पळाले.

मुंबईत परदेशात शिकून आलेल्या एका सरांकडे दोन वर्षं काढली आणि मग ऑर्केस्ट्रात जागा मिळाली. पहिल्या मोठ्या कार्यक्रमाची पुस्तिका छापायची होती. प्रत्येक वादकाच्या दोन ओळी. फॉर्ममध्ये विचारलं होतं, शिक्षण कुणाकडे झालं? मी त्या सरांचं नाव लिहिलं, फक्त त्यांचं. शेजारच्याच्या फॉर्मवर लंडन होतं. त्याच्याखाली दौंड कसं दिसेल, एवढंच मनात आलं. कुणी मला अडवलं नव्हतं, कुणी हसलंही नव्हतं.

तुम्ही येणार हे वडिलांनी मला आदल्या दिवशी कळवलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तुम्ही शेवटच्या रांगेत बसला होता. कार्यक्रम संपल्यावर पुस्तिका हातात धरून माझ्याकडे आलात.

"तुझं वडील म्हनलं, ह्याच्यात शिकवनाऱ्याचं नाव छापत्यात. कुठं हाय बग की."

स्वरलिपी तुम्ही घडाघडा वाचायचात. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं. मी पान काढलं आणि सरांच्या नावावर बोट ठेवलं.

"हे काय, मास्तर."

"एवढं लांब?"

"इंग्रजीत लांब होतं."

तुम्ही ते अक्षर न् अक्षर न्याहाळलंत. मग म्हणालात, "पेन्शिल हाय का? खाली रेघ मार. म्हाजा हात हलतो." मास्तर, ती रेघ मी मारली. सरळ यावी म्हणून खाली कार्ड धरून मारली.

त्यानंतर मी दौंडला आले नाही. तुमचा फोन आला की रिहर्सल असायची. नसली तरी असायची. चार वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं, तेव्हाही मी आठवडा उलटल्यावर पोचले. तुमची मुलगी, आपा, जी तिथेच नर्स आहे, तिने कपाटातून ती पुस्तिका काढून माझ्यासमोर ठेवली. पानाच्या कडा मऊ पडल्या होत्या.

"मुंबईहून आले तसे मला म्हणाले, वाच," आपा म्हणाली. "मला इंग्रजी येतं, तुम्हाला माहितीय."

"मग?"

"मग काय. अब्बांचंच नाव वाचलं मी. पुढं घरी कुणी पाहुणा आला की वाचायला लावायचे. दर वेळी वाचलं."

"आपा, मी..."

"तुमच्यासाठी न्हाई केलं ते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. मग तिने मला चहा विचारला, आणि तो पिण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

आता माझ्याच विद्यार्थिनींचा कार्यक्रम आहे. पुस्तिका मीच लिहायची, मला विचारणारं कुणी नाही. दुपारी बसले, पहिलं वाक्य लिहिलं, 'माझं शिक्षण दौंडला झालं', आणि पुढे तुमचं नाव लिहायला गेले तर हात थांबला. मी तुम्हाला मास्तर म्हणायचे, माझे वडीलही मास्तरच म्हणायचे, बँडवाले उस्ताद म्हणायचे, चाची तर 'सुनते हो' म्हणायच्या. दारावर पाटी नव्हती. सहा-सात वर्षं तुमच्या ओट्यावरचा चहा प्यायले, आणि तुमचं पूर्ण नाव मला माहीत नाही, मास्तर. तो फॉर्म भरतानाही नव्हतं. लिहायचं ठरवलं असतं तरी लिहिता आलं नसतं. आपाला विचारता येईल. तिचा नंबर माझ्याकडे आहे. पुस्तिका परवा छापायला जायची आहे, आणि मी अजून फोन केलेला नाही.