रासानेनचे टायर

२१ ऑक्टोबर

रासानेनने बर्फाआधी नवे टायर घेतले नाहीत तर तो गाव सोडून जाणार! आज कळलं, तेही त्याच्या मानेवर वस्तरा असताना.

मुलीचा फोन आला होता म्हणे. तुइरेचा, तांपेरे शहरातून. "बाबा, तुमचे हिवाळी टायर टकले झालेत, गाडी म्हातारी झालीय. आता नवे कशाला? गाडी विका नि इकडे या. दाराशी बस थांबते."

"मग? जाणार?" मी विचारलं.

"जाईनही. न जाईनही."

आमच्या सावो प्रांतातल्या माणसाला सरळ उत्तर देताना कुणी पाहिलंय? मीही इथलीच, पण माझ्या हातात वस्तरा होता. "मान हलवू नका," म्हटलं. आणि तीच जागा दुसऱ्यांदा भादरली.

जूनमध्ये त्याने शेडवर नवा पत्रा ठोकला. शिडी मी धरली होती. जाणारा माणूस पत्रा ठोकतो का? आणि दर पंधरा दिवसांनी केस कापायला येतो. कापायला आहे काय तिथं? कानामागची झालर. मी बराच वेळ नुसती हवेत कात्री वाजवते, मग कॉफी करते.

२३ ऑक्टोबर

सिर्क्काचे केस रंगवत होते. मला म्हणते, "इतकी वर्षं तो वळणापलीकडचा शेजारी, अजून रासानेन-रासानेन काय करतेस? त्याला नाव आहे की!"

आहे ना. आर्मास! कुठल्या आईबापांनी पोराचं नाव 'लाडका' ठेवावं? त्यांचं काय गेलं! त्याची गाडी दिसली की अंगणातून मी काय ओरडू — लाडक्या, तुमचं टपाल माझ्याकडे आलंय? रासानेनच बरं.

२६ ऑक्टोबर

पेट्रोलपंपावर पाव घ्यायला गेले आणि भांडून आले.

तिथल्या कॉफीच्या टेबलावर दरसाल हीच लढाई — हिवाळ्यात बर्फात रुतणाऱ्या लोखंडी खिळ्यांचे टायर की बिनखिळ्यांचे? कौप्पिनेन, टायरचं गॅरेज त्याचंच, बिनखिळ्यांची आरती ओवाळत होता. "आताचं रबर इतकं मऊ, बर्फाला धरून राहतं. शिवाय आवाज नाही!" रासानेन कॉफीत पाव बुडवत बसला होता. मला राहवेना.

"थंडी कमी झाली, बर्फावर पाणी आलं, की धरून दाखवा म्हणावं!" मी म्हटलं. मग काय काय बोलले देव जाणे. खिळे, घाट, खड्डे, अनाथ मुलं — सगळं आलं त्यात. कौप्पिनेन म्हणतो, "हेल्वीबाई, खिळ्यांची एजन्सी घेतलीत काय?" सगळे हसले. रासानेन नाही हसला. पाव बुडवत राहिला.

खरं कारण त्या टेबलावर सांगण्यासारखं नव्हतं. इथं लिहिते. त्याचे जुने टायर खिळ्यांचे. उघड्या डांबरावर ते कट्कट्कट् वाजतात, वळणापासून ऐकू येतं. तेवढ्यात माझ्या केसांतले रोलर्स निघतात, एप्रन खुंटीवर जातो, कॉफी चढते. मी अगदी सहज दार उघडते. सहज दिसायला वेळ लागतो! (उन्हाळ्यात तो सायकलने येतो. साखळी करकरते. तेलाची बाटली मी मुद्दाम दिली नाही त्याला.)

२ नोव्हेंबर

नवऱ्याच्या, रेइनोच्या थडग्यावर मेणबत्ती लावून आले. आज मृतांच्या स्मरणाचा दिवस, सगळं कब्रस्तान उजळलं होतं. त्याला रासानेनचं सांगितलं. रेइनो जिवंतपणीही ऐकूनच घ्यायचा, बोलायचा नाही.

रासानेन गेला तर मला फार एकटं वाटेल. लिहून टाकलं. आता खोडणार नाही.

५ नोव्हेंबर

घेतले! टायर घेतले! कौप्पिनेनने सिर्क्काला सांगितलं, सिर्क्काने मला. राहतोय! दुपारभर वेलदोड्याचे पाव भाजले. खाणार कोण एवढे? माहीत आहे कोण.

६ नोव्हेंबर

बिनखिळ्यांचे घेतले. गाढव!

म्हणजे मी. कुठले घेतले, आधी विचारायला नको होतं? आज काय झालं ते लिहिताना अजून कान तापतायत. डोक्याला रंग, त्यावर प्लास्टिकची पिशवी. अंगात रेइनोची लोकरीची लांब चड्डी. फरशी पुसत होते आणि रेडिओवर टँगो लागला. पुसायची काठी हातात होतीच. मी काही वाईट नाचत नाही. गिरकी घेतली — आणि दारात रासानेन. टोपी हातात.

"दार वाजवलं मी," म्हणाला. "दोनदा."

गाडी बाहेर उभी. चिडीचूप आलेली. मागच्या सीटवर हिवाळी चढवताना काढलेली त्याची उन्हाळी चाकं, प्रवासाला निघाल्यासारखी.

"खिळ्यांचे का नाही घेतले?" मी ओरडलेच.

"कौप्पिनेन म्हणाला, आवाज होत नाही."

"आवाजच तर हवा होता! तुम्ही येताय ते मला कळायला नको? आवरायला नको माणसाला?"

बोलून गेले. रंगाचा एक ओघळ नाकावर आला होता. रासानेनने टोपीकडे पाहिलं, उलटीपालटी केली. "अस्सं," म्हणाला. आणि गेला. केसही न कापता! ती चाकं कुठं न्यायची आहेत, हे विचारायचं राहिलंच.

७ नोव्हेंबर

नाही आला.

८ नोव्हेंबर

नाही. वेलदोड्याचे पाव सिर्क्काला दिले. "एवढे?" म्हणाली. मी पिशवीला गाठ मारली. ती मात्र बरंच काही समजली, मेली.

११ नोव्हेंबर

काल पितृदिन, फादर्स डे. तुइरे केक घेऊन आली होती म्हणे. न्यायलाच आली असेल, असं मनात घोळत राहिलं. आज त्याचं एक भांडं परत करायचं निमित्त काढलं आणि निघाले. रात्रीचा भुरभुरीत बर्फ, खाली काचेसारखा गोठलेला रस्ता. त्याच्या फाटकाशी वळले — म्हणजे मी वळवली, गाडी वळली नाही. सरळ खड्ड्यात! माझ्या खिळ्यांच्या टायरांसकट!

रासानेन बाहेर आला. दोर बांधला, आपल्या बिनखिळ्यांच्या गाडीने मला अलगद ओढून काढलं. एक धक्का नाही. मी भांडं छातीशी धरून उभी.

दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "खिळे फार चांगले असतात, असं ऐकलं होतं पंपावर."

"असतीलही," मी म्हटलं. "नसतीलही."

तो हसला! मोठ्याने! इतक्या वर्षांत त्याचा वरचा सोन्याचा दात मला ठाऊक नव्हता. पण चाकं अजून मागच्या सीटवरच. विचारायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "थंडी वाढली, नाही?"

"वाढलीय," म्हणाला. घरी येऊन स्वतःला चार शिव्या घातल्या.

१४ नोव्हेंबर

सिर्क्काचा फोन. धाप लागलेली. "हेल्वी, रासानेनला वेड लागलं! त्याची शेवटची गाय होती ना, तिच्या गळ्यातली घंटा गाडीच्या मागे बांधलीय! सबंध पंप खिडकीशी उभा! कौप्पिनेनने विचारलं, हे रे काय? तर म्हणतो कसा — टायर तू चांगलेच दिलेस, पण फार मुके आहेत. तिच्याकडे जाताना अडचण होते!"

"तिच्याकडे म्हणजे?"

"आता मला विचारतेस?"

मी फोन ठेवला. ऐकू येत होतं. वळणाच्याही पलीकडून, चर्चच्या बाजूने — खण्ण, खण्ण, खण्ण. सगळ्या गावाला सांगत येत होता. सरळ उत्तर न देणारा माणूस!

डोक्यात रोलर्स होते. काढायला भरपूर वेळ होता. नाही काढले.

१५ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा घंटा. आज चाकं उतरवली त्याने, चारही, माझ्या अंगणात. "आमच्या शेडचं छप्पर गळतं," म्हणाला, टोपीकडे बघत. "एप्रिलपर्यंत ही तुमच्या शेडात ठेवली तर?"

गळतं म्हणे! जूनमधला पत्रा!

"ठेव, आर्मास," मी म्हटलं. "आणि एप्रिलनंतर हिवाळी ठेव."