लेस लावलेला पांढरा फ्रॉक

आई, तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता कितीतरी मोठा झालोय, आणि तरी तुला लिहायला बसलं की लहानच होतो. गेल्या रविवारी एक गोष्ट घडली, ती तुझ्याशिवाय कोणाला सांगावीशी वाटेना.

इथे अमेरिकेत, शॉमबर्गजवळ एक जुनं घर म्युझियम म्हणून जपलंय. भिंतींवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुलांचे फोटो आहेत. कुणी खलाशी झालंय, कुणी परी, कुणी आजोबांची टोपी घालून मिशा लावून बसलंय. तेव्हा कॅमेऱ्यापुढे बराच वेळ न हलता बसावं लागे, त्यामुळे सगळी सोंगं भलतीच गंभीर. खाली एका पेटाऱ्यात तसेच कपडे ठेवले होते. आवडेल ते घालायचं आणि लाकडी कॅमेऱ्यापुढे बसायचं. तुझा पाच वर्षांचा पणतू खांद्यापर्यंत पेटाऱ्यात शिरला आणि लेस लावलेला पांढरा फ्रॉक घेऊन बाहेर आला. माझा मुलगा त्याला म्हणाला, "नो, बडी, दॅट्स फॉर गर्ल्स." पोरगं हट्ट करणाऱ्यातलं नाही. त्याने फ्रॉकची त्याला जमेल तशी घडी घातली आणि परत ठेवला. ती घडी मला बघवेना.

मी मुलाला भिंतीवरचा एक फोटो दाखवला. अंगात फ्रॉक, कुरळ्या बटा आणि खाली चक्क मुलाचं नाव. त्या काळी तिथले लहान मुलगे सर्रास फ्रॉक घालत, असं शेजारी लिहिलं होतं. "तेव्हाचं वेगळं होतं, बाबा," तो म्हणाला. "हा फोटो कोणी बघितला तर स्कूलमध्ये टीज करतील त्याला." काळजीच होती ती, त्याच्यावर रागावणार कसं? मग मी त्याला आपली गोष्ट सांगितली. नवसामुळे माझे केस पाचव्या वर्षापर्यंत राखलेले. जावळ काढायच्या आदल्या दिवशी तू तुझ्या जुन्या साडीचा परकर शिवतेस, माझ्या दोन वेण्या घालून त्यात अबोली माळतेस आणि मला फोटो स्टुडिओत न्यायला निघतेस. मुलाची मुलगी कशाला करतेस म्हणून बाबा कुरकुरतात. तोंडातली पिन काढून तू एवढंच म्हणतेस, "उद्या हे केस जाणार. एकदा डोळे भरून बघू दे मला."

मग मुलानेच पेटाऱ्यातून फ्रॉक काढला आणि गुडघ्यांवर बसून लेकाच्या पाठीची बटणं लावली. आई, त्या वेळी तू तिथे हवी होतीस असं फार वाटलं. फोटोत आपलं पोर असं ऐटीत बसलंय की राणीनेच उठून जागा द्यावी.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. स्टुडिओतल्या फोटोच्या दुसऱ्या दिवशी न्हाव्यापुढे मी रडून गोंधळ घातला, आणि वस्तऱ्याला घाबरला म्हणून तू जन्मभर कौतुकाने सांगत राहिलीस. वस्तऱ्याचं मला काहीच वाटलं नव्हतं. मला तो परकर अजून एक दिवस घालायचा होता.